एका बोळात एकच कुत्रं

‘काही करत नाही हो तो’ हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा उच्चारलं, त्याला मला एकदा भेटायचंय. कुत्रा आपल्या अंगावर धावून येत असतो, आपला जीव घशाशी आलेला असतो आणि लांबून मालक हात हलवत, हसत हसत हे सांगत येत असतो. त्याला तो काही करत नाही, हे खरं असेल. मला काय होतंय, माझ्या कुत्रीला काय होतंय, हे त्याच्या गावीही नसतं.

आमच्या बॉबिनचं पाठीचं ऑपरेशन झालं होतं. बॉबिन अंगानं लांबट, पायांनी आखूड आणि स्वभावानं माझ्यासारखीच, म्हणजे भित्री आणि तोंडाळ. मी घरी पडदे शिवते. पिल्लू असताना ती मशीनखाली पडलेल्या बॉबिनी पळवायची, म्हणून हे नाव. पावसाळ्यानंतर कधीतरी तिच्या मणक्यातली गादी सरकली आणि मागचे पाय लुळे पडले. ऑपरेशननं ते हळूहळू परत आले, पण डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून बजावलं होतं. अजून काही आठवडे उडी नाही, पळणं नाही, पट्ट्याला हिसका नाही, दचकून गर्रकन वळणं नाही. आता गादी पुन्हा सरकली तर पाय कायमचे जातील.

“आणि दचकली तर?” मी विचारलं.

“दचकू देऊ नका,” त्या म्हणाल्या. बाईंचं बरं होतं, सांगून मोकळ्या झाल्या.

तिला घरात ठेवून दार लावून बसले असते तर प्रश्नच नव्हता. पण बॉबिन घरात शू करत नाही. जुनी वर्तमानपत्रं घातली, प्लास्टिकचं गवत आणलं, मैदानातली माती आणून ट्रेमध्ये पसरली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली. तिला मैदानातलं गवतच लागतं. बरं, फार वेळ तुंबवून ठेवणंही तिच्या प्रकृतीला वाईट. तेव्हा दिवसातून काही वेळा तिला दोन्ही हातांवर आडवी धरून जिना उतरायचा आणि मैदानापर्यंत न्यायचं, हे आलंच.

मैदानाला रस्त्याच्या बाजूनं उंच पायऱ्या आहेत, त्या तिला वर्ज्य, आणि तिला हातांवर घेऊन त्या चढायचा मला धीर होत नाही. सपाट वाट एकच, आमच्या इमारतीमागचा बोळ. दोन्हीकडे उंच भिंती, भिंतींवर पाण्याचे पाइप, मध्ये एक वळण. हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं टेकतात. समोरून कुत्रं आलं तर बाजूला व्हायला जागा नाही. पट्ट्यात असलेल्या कुत्र्याला आपल्याला पळता येणार नाही हे कळत असतं, म्हणून ते आधी किंचाळतं, उसळतं, पट्टा पिळवटून स्वतःभोवती फिरतं. आणि बॉबिननं नेमकं तेच करायचं नव्हतं.

समोरून येणारं कुत्रं कोण, हे मला झोपेतही दिसायचं. रस्त्याच्या टोकाला बेकरी आहे. बेकरीवाला म्हणजे थोराड, हसरा माणूस, भट्टीचं काम आटोपलं की दुपारी आपल्या कुत्र्याला घेऊन मैदानात जायचा. कुत्र्याचं नाव टोस्ट. रंगानं खरपूस, उंची माझ्या कमरेपर्यंत आणि गळ्यात पट्टा म्हणून नाही. पट्टा लावला की त्याला कमीपणा वाटतो, असं बेकरीवाल्याचं म्हणणं. ऑपरेशनच्या आधी एकदा हा टोस्ट भर बोळात बॉबिनवर खेळायला धावून आला होता. ती पट्ट्यात जी पिळवटली आणि ओरडली, त्यानंतरच तिची पाठ दुखायला लागली, असं माझं मत. तसं ठामपणे सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला येतं.

या भीतीनं माझं काम बिघडायला लागलं. एका गिऱ्हाइकाचे पडदे मी वीतभर आखूड कापले. बोळात शिरायच्या आधी माझ्या हाताला घाम सुटायचा आणि पट्टा निसटेल या धास्तीनं मी तो मनगटाला दोन वेढे देऊन बांधायची. नवरा फिरतीच्या नोकरीवर. घरात मी, बॉबिन आणि सासरे. सासऱ्यांना हे बघवेना.

सासरे आयुष्यभर रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये होते. त्यांच्या वेळेस त्या बाजूला एकेरी रूळ होता. दोन स्टेशनांमध्ये एकाच वेळी दोन गाड्या सोडल्या तर समोरासमोर आदळणार, म्हणून ड्रायव्हरच्या हातात लोखंडी गोळा दिल्याशिवाय गाडी हलायची नाही. गोळा बाहेर एकच. ज्याच्याकडे गोळा, त्याचा रूळ. सासरे अजूनही कोणी बाथरूममध्ये असलं तर ‘ब्लॉक भरलाय’ म्हणतात. एका सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, “बोळ म्हणजे एकेरी रूळच की. एका बोळात एकच कुत्रं.”

माझ्या शिवणाच्या कपाटात पडद्याच्या लाकडी रिंगांचा मोठा डबा आहे. त्यातली एक त्यांनी घेतली, लाल रंगवली आणि बोळाच्या आमच्याकडच्या तोंडाशी खिळा ठोकून त्याला लटकवली. नियम सोपा होता. कुत्रं घेऊन मैदानाकडे निघालेल्यानं रिंग काढून घ्यायची, परतल्यावर खिळ्याला लावायची. खिळा रिकामा दिसला तर बाहेर थांबायचं. बोळ वापरणारी कुत्री तीनच. तिसरं म्हणजे वरच्या मजल्यावरच्या मावशींचं म्हातारं, पण ते स्वतःच्या शेपटीलाही ओळखत नाही. त्यामुळे प्रश्न खरा बेकरीवाल्याचा होता.

सासरे काठी टेकत स्वतः बेकरीत गेले. बेकरीवाला आधी खो खो हसला. आमचा टोस्ट अगदी गरीब, तो काही करत नाही, वगैरे पारायण झालं. सासऱ्यांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की गाडीचा स्वभाव चांगला आहे म्हणून ती समोरच्या गाडीवर आदळायची थांबत नाही. बेकरीवाल्याला हे फार आवडलं. काकांचा शब्द म्हणून त्यानं मान्य केलं.

आणि खरं सांगायचं तर त्यानं ते पाळलं. रिंग मनगटात अडकवून तो ऐटीत बोळात शिरायचा, परतला की खिळ्याला लावून वर आमच्या बाल्कनीकडे बघून सलाम ठोकायचा. बाल्कनीत सासरे खुर्ची टाकून बसलेले असायचेच. मी बॉबिनला घेऊन खाली उतरले की वर बघून विचारायची, “बाबा, जाऊ?” ते खिळ्याकडे बघायचे, वळणापर्यंत दिसणारा बोळ न्याहाळायचे आणि म्हणायचे, “जा, लाइन क्लिअर.” एवढं ऐकलं की माझी छाती सैल व्हायची. भीती गेली नव्हती, पण तिला धरून चालता येत होतं. बॉबिनचे पायही दिवसागणिक सरळ पडायला लागले.

त्या दुपारी खिळा रिकामा होता.

बॉबिनला सकाळी शू नीट झाली नव्हती. दारापाशी ती गोल गोल फिरत होती, मला बघून कण्हत होती. आम्ही वाट बघितली. बेकरीवाला मैदानात असेल, येईल आता. मावशींचं कुत्रं वर घोरताना ऐकू येत होतं, म्हणजे रिंग त्यांच्याकडे नव्हती. बराच वेळ गेला. मग सासरे स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले. ती रस्त्याकडे उघडते. तिथून त्यांनी मला हाक मारली. बेकरीवाला टोस्टला घेऊन रस्त्यानं चालला होता. आमच्या डोळ्यांदेखत दोघं बेकरीशेजारच्या आपल्या घरात शिरले. मैदानातून तो पायऱ्यांच्या बाजूनं परस्पर बाहेर पडला होता आणि रिंग तशीच मनगटात घेऊन गेला होता.

सासऱ्यांनी फोन लावला. उचलला नाही. भट्टीपाशी उभा राहून थकलेला माणूस, जेवून आडवा झाला असणार. मी जाऊन आणते म्हटलं, तर मी जिना उतरले की बॉबिन मागून दारावर उड्या मारते, आणि खाली वाकून तिला धरणं सासऱ्यांच्या गुडघ्यांना जमत नाही. ते स्वतः जातो म्हणाले, पण त्यांच्या चालीनं जाऊन येईपर्यंत तिचं काय झालं असतं. तिचं कण्हणं आता बारीक, ताणलेलं झालं होतं. ती खाली बसायची, उठायची, पुन्हा बसायची. मला रडू यायला लागलं. मी रडते तेव्हा आवाज करून रडते.

सासरे येरझाऱ्या घालत होते. मग ते कपाटाशी गेले. डब्यातून एक लाकडी रिंग काढली, टेबलावरचा माझा कापड आखायचा लाल खडू घेतला आणि ती रिंग चहूबाजूंनी घासून लाल केली. मला म्हणाले, “तो घरी गेलाय, आपण दोघांनी बघितलंय. सेक्शन रिकामा आहे.” पण ती रिंग त्यांनी माझ्या हातात दिली नाही. माझ्यामागून एकेक पायरी जिना उतरले, ती खिळ्याला लावली, क्षणभर तिच्याकडे बघत उभे राहिले आणि मग म्हणाले, “आता काढ.” मी काढली. माझ्या बोटांना लाल भुकटी लागली. त्यांचा चेहरा चांगला दिसत नव्हता, पण तेव्हा मला फक्त गवत गाठायचं होतं.

बोळात थंडावा होता. बॉबिन भराभर चालत होती, तिला आवरावं लागत होतं. वळणाशी मी एकदा मागं बघितलं. सासरे तोंडाशीच भिंतीला धरून उभे होते. वळण ओलांडलं आणि ते दिसेनासे झाले. समोर बोळाचं दुसरं तोंड, त्यापलीकडे उन्हातलं मैदान.

त्या उजेडात टोस्ट उभा होता.

तो तिथं कसा आला, हे मला नंतर कळलं. बेकरीवाला घरी पोचला, हात धुवायला गेला तर मनगटात रिंग. त्याला अपराधी वाटलं. काका बिचारे थांबले असतील म्हणून फोन बघायच्याही भानगडीत न पडता तो उलट पावली निघाला, जवळच्या वाटेनं, पायऱ्या चढून, मैदान ओलांडून. टोस्ट अर्थातच बरोबर आणि अर्थातच मोकळा. नियमानं तो चुकला नव्हता. ज्याच्याकडे रिंग, त्याचा बोळ.

टोस्टनं आम्हाला बघितलं आणि तो पळत सुटला. फरशीवर त्याच्या नखांचा आवाज होत होता. बॉबिनचं अंग माझ्या पट्ट्याच्या टोकाशी दगडासारखं झालं. उचलून घ्यावं तर तो उडी मारणार आणि माझ्या हातात ती वळवळणार. मागं पळावं तर तिला पळवावं लागणार. माझं डोकं बंद पडलं होतं. पायच आपोआप वाकले. मी भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसले, बॉबिनला भिंतीत आणि माझ्या पोटात धरलं, एक हात तिच्या छातीखाली, एक हात मागच्या मांड्यांखाली, पाठ सरळ, आणि तिच्यावर ओणवी झाले.

तो धाडकन माझ्या पाठीवर आदळला. त्याचं नाक माझ्या बगलेतून आत घुसलं, ओलं, गरम, जोरात सूं सूं करत. बॉबिन किंचाळली. तिला वळायचं होतं, तिचं सगळं अंग पिळवटायला बघत होतं आणि मी तिला हलू देत नव्हते. मला एवढंच कळत होतं की माझ्या हाताखाली तिचा मणका आहे आणि त्यातली गादी आत्ता, या घटकेला सरकू शकते. मी काहीतरी ओरडत होते. काय, ते आठवत नाही.

“टोस्ट! ये, टोस्ट, ये इकडे!” बेकरीवाला धावत येत होता. टोस्ट ढिम्म. त्याला कधी बोलावलेलंच नव्हतं, तो आपला मर्जीनं जायचा आणि मर्जीनं यायचा. बेकरीवाल्याचा आवाज चिरकायला लागला. त्याला हसू येत नव्हतं हे माझ्या पाठीला कळलं. शेवटी त्यानं टोस्टच्या मानेची कातडी धरून मागं खेचलं, बांधायला काहीच नाही म्हणून अंगातला ॲप्रन काढला आणि त्याच्या नाड्या कुत्र्याच्या गळ्यात आवळल्या. धापा टाकत तो विचारत होता, “ताई, रिंग माझ्याकडे आहे. तुम्ही आत कशा?”

माझ्या हाताखाली, मांडीवर, फरशीवर ओलं पसरत होतं. बॉबिननं शू केली होती.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की आपोआप शू झाली आणि तिला कळलंही नाही, तर ते वाईट लक्षण. घाबरूनही होते म्हणा. यातलं कुठलं, हे बघून कळत नाही. मी हळूहळू तिच्यावरून उठले. ती भिंतीला लागून पडली होती, तशीच, डोळे उघडे. पुढचे पाय थरथरत होते. मागचे नाही.

सासरे भिंतीला धरून धरून वळणावर आले. एका पायात चप्पल नव्हती. त्यांनी बेकरीवाल्याच्या मनगटातली रिंग बघितली, माझ्या मनगटातली बघितली आणि त्यांचे ओठ पांढरे झाले. “मी दिली,” ते म्हणाले. “माझ्या हातानं दिली मी लाइन.” इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. त्या माणसाला बघून माझी उरलीसुरली हिंमतही गेली.

डॉक्टरीणबाईंनी दाखवलेली एक गोष्ट करता येण्यासारखी होती. मागच्या पायाच्या बोटांमधली कातडी नखांनी जोरात चिमटायची. पाय नुसता आखडला तर पुरेसं नाही. दुखलं, हे तिला कळलं पाहिजे, तिनं वळून बघितलं पाहिजे. कळलं तर आशा आहे. नाही कळलं, तर संपलं. जोपर्यंत मी चिमटत नव्हते, तोपर्यंत ती दोन्हीपैकी काहीही असू शकत होती, आणि मला तसंच बसून राहावंसं वाटत होतं.

“मी करू का?” सासऱ्यांनी विचारलं. पण पुढे केलेला हात त्यांनीच मागं घेतला. बेकरीवाला टोस्टला पोटाशी आवळून भिंतीला चिकटून उभा होता.

मी तिचा डावा पाय हातात घेतला. तो मऊ होता, वजन नसल्यासारखा. मी चिमटलं. काही नाही. बॉबिन समोरच्या भिंतीकडे बघत होती. माझ्या कानांत घणघण आवाज व्हायला लागला. मग लक्षात आलं की मी चिमटलंच नव्हतं. मी नुसती बोटं ठेवली होती. तिला दुखवायला माझा हात तयारच नव्हता.

मी डोळे मिटले. जाड कापडाच्या चार घड्यांमधून सुई ओढताना लावते तेवढा जोर लावला आणि नखं रुतवली.

बॉबिन केकाटली, तिनं गर्रकन मान वळवली आणि माझ्या हाताला चावली. पाय खेचला आणि चावली. अंगठ्याखालच्या मांसात सगळे दात रोवले आणि सोडेचना. तिचे डोळे माझ्यावर होते, इतके संतापलेले, की हे तू केलंस, हे तिला पुरतं कळलं होतं.

सासरे वाकायला बघत होते. “सोडव, अगं हात सोडव.”

“राहू द्या, बाबा,” मी म्हणाले. “चावू द्या तिला.”

ते बोळातच, ओल्या फरशीवर बसले आणि हातांत तोंड धरून रडायला लागले. बेकरीवाल्यानं दुसरीकडे मान फिरवली. माझं रक्त मनगटावरून बाहीत ओघळत होतं आणि मला हसू येत होतं, रडूही येत होतं, दोन्ही एकदम. थोड्या वेळानं तिनं आपण होऊन सोडलं. उजवा पाय बघायचा राहिला होता. मी त्याच्याकडे हात नेला, तर तो बोटांना लागायच्या आधीच तिनं पोटाखाली ओढून घेतला आणि माझ्यावर गुरगुरली.

“गुरगुर,” मी तिला म्हणाले. “गुरगुर, बाई. हवी तेवढी गुरगुर.”